डिजिटल पोर्टफोलिओ सुरू करायचाय? गावच्या शाळेतल्या सर-मॅडमसाठी पायरी-पायरीनं

बी.एड. नाहीतर डी.एल.एड.ला असाल तर "पोर्टफोलिओ सबमिट करा" हे कानावर आलंच असेल, आणि नोकरीत असाल तर कुठल्यातरी प्रशिक्षणात साधनव्यक्तीनं एका स्लाईडवर तो शब्द दाखवून लगेच पुढची स्लाईड घेतली असेल. मग होतं काय की माणूस फोनच्या गॅलरीत शिरतो, सत्काराचे फोटो, ध्वजारोहणाचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, वरून दीक्षाची (सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलची) सगळी सर्टिफिकेटं, सगळं एका फोल्डरमध्ये कोंबतो आणि झाला म्हणतो पोर्टफोलिओ. तो अल्बम झाला बाप्पा. अल्बम असू द्या, त्याला कोण नाही म्हणतं, पण तो पाहून तुम्ही वर्गात शिकवता कसं हे कोणालाच कळत नाही.

पोर्टफोलिओ म्हणजे साधं सांगायचं तर दोन गोष्टींची जोडी. एक, वर्गातला खराखुरा पुरावा, म्हणजे पोराच्या वहीचं पान, तुमचं टाचण, दोन मिनिटांचा व्हिडिओ, फळ्याचा फोटो. दुसरी, त्याच्यासोबत तुमच्या चार ओळी, की मी हे पाहिलं, म्हणून हे बदललं, मग असं झालं. पुरावा आहे पण ओळी नाहीत तर तो कचरा, ओळी आहेत पण पुरावा नाही तर ते भाषण. ही जोडी जमली की बाकी सगळं, म्हणजे कोणतं ॲप, कोणता रंग, कोणता टेम्प्लेट, ते कोणीही शिकवते, तुमच्या शाळेतली सातवीची पोरगी पण शिकवते.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शिक्षकांचं मूल्यमापन पोर्टफोलिओवरून करून पाहिलं, कारण लेखी परीक्षेत माणूस विषय किती जाणतो ते दिसते पण तिसरीच्या पोराला समजावतो कसा ते दिसत नाही. १९८७ मध्ये तिकडं शिक्षकांच्या मानांकनासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं, त्यांनीही पुढं हीच पद्धत उचलली, वर्गातला व्हिडिओ, मुलांचं काम आणि त्यावर शिक्षकानं लिहिलेलं. तेव्हा खोकेच्या खोके कागद असायचे, आता ते फोनमध्ये मावते एवढाच फरक.

आणि आपल्याकडं पण हे अगदीच नवीन नाही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक-संकलित (वर्षभर चालणारं आणि सत्राअखेरचं) आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या, विद्यार्थी संचिका आल्या. कल्पना चांगलीच होती. पण मार्च आला की "वर्णनात्मक नोंदी पीडीएफ" व्हॉट्सॲपवर फिरते आणि अख्ख्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, पोरांच्या आवडीनिवडी सारख्याच निघतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि केंद्रप्रमुखालाही माहीत आहे. पोर्टफोलिओचं तसं करायचं असेल तर सुरूच करू नका, वेळ वाचेल.

पायरी १: कशासाठी करून राह्यले ते ठरवा

हे पहिले ठरवा, नाहीतर सगळंच गोळा करत बसाल.

छात्राध्यापक असाल, म्हणजे बी.एड.-डी.एल.एड. करत असाल, तर कारण सरळ आहे. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा झाला, त्यातला मोठा भाग दुसऱ्या वर्षी. एवढे दिवस तुम्ही खऱ्या वर्गात असता, आणि नंतर हातात काय उरते तर लॉगबुक, तेही शेवटच्या रात्री भरलेलं. तुमचा पोर्टफोलिओ म्हणजे पहिला सराव पाठ ते शेवटचा सराव पाठ यात तुमच्यात काय फरक पडला त्याची नोंद. उद्या खाजगी शाळेत मुलाखतीला गेलात तर गुणपत्रिका सगळ्यांकडंच असते, हे नसते.

नोकरीत असाल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत. ते तास निष्ठा (केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण), दीक्षा, शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक), डाएटची (जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची) प्रशिक्षणं असे करून भरतात, पण ते भरून वर्गात काय उतरलं हे कोणीच विचारत नाही. तुम्हीच स्वतःला विचारायचं. शिवाय १२ वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांची निवडश्रेणी यांच्या वेळी कागदाची जी पळापळ होते, ती पण थोडी कमी होते कारण सगळं एका जागी असते. पण खरं सांगू का, फक्त त्यासाठी केलं तर तो परत अल्बमच होते.

एक प्रश्न पकडा वर्षभरासाठी. "माझ्या वर्गातल्या पोरांना वाचता काहून येत नाही" हा फार मोठा झाला. "तिसरीतली जी पोरं घरी कोरकू बोलतात ती जोडाक्षरावर कुठं अडतात" हा बरा. "कापूस वेचणीच्या दिवसांत जी पोरं महिनाभर येत नाहीत, ती परत आल्यावर त्यांना कसं सोबत घ्यायचं" हा तर फारच बरा, कारण हा आपल्याकडचा आहे आणि याचं उत्तर कोणत्याही गाईडमध्ये छापलेलं नाही.

पायरी २: खातं कोणाचं, जागा कुठली

स्वतःचं जीमेल खातं वापरा. शाळेचं नको, कॉलेजनं दिलेलं पण नको. शाळेचं खातं मुख्याध्यापकाकडं असते, बदली झाली की पासवर्ड तिथंच राहते आणि तुमची पाच वर्षांची मेहनत पण तिथंच. कॉलेजचं खातं कोर्स संपल्यावर कधी बंद होईल सांगता येत नाही. ज्यांचं आधीच कॉलेजच्या खात्यात आहे त्यांनी गूगल टेकआउट (खात्यातलं सगळं डाउनलोड करून देणारी गूगलची सोय) वापरून सगळं उतरवून घ्या, ते निकालाच्या आधीच करा.

गूगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण लक्षात ठेवा ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून असते. "गुड मॉर्निंग"चे फोटो बॅकअपला चढत असतील तर ही जागा कधी भरली तेही कळणार नाही. फोटोजचं आपोआप बॅकअप बंद करा, नाहीतर पोर्टफोलिओसाठी वेगळंच खातं काढा.

ड्राइव्हमध्ये एक मुख्य फोल्डर, त्यात फार तर चार फोल्डर: वर्गातलं काम, माझं शिकणं, शाळा आणि गाव, कच्चा माल. बस. वीस फोल्डर केले तर कशात काय ठेवलं हे शोधण्यातच रविवार जाते. एनसीटीईनं शिक्षकांसाठी जी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं मांडलीत त्यातही मुख्य भाग तीनच आहेत, मूल्यं आणि नीती, व्यावसायिक ज्ञान आणि सराव, आणि व्यावसायिक वाढ. पुढंमागं कोणी त्या मानकांनुसार मागितलं तर हे चार फोल्डर त्यात सहज बसवता येतात.

फाईलला नाव देताना तारीख पहिले, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं, मग इयत्ता, मग विषय. २०२५-०८-१२_तिसरी_गणित_वजाबाकी. असं केलं की फाईली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. "नवीन फायनल २" अशा नावाची फाईल सहा महिन्यांनी उघडून पाहायची हिंमत होत नाही कोणाची.

आणि एक, कृतिदेव नाहीतर श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात टाईप केलेलं काही चढवू नका. तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून आणलेली फाईल फोनमध्ये उघडली की नुसता किचाट दिसते. युनिकोडमध्येच लिहा, जीबोर्डचा मराठी कीबोर्ड घ्या, त्यात बोलून टाईप करता येते. फक्त "त्याले", "मले", "काहून" असं आपलं बोललं की ते भलतंच छापते, मग एकदा वाचून घ्यायचं.

पायरी ३: पुरावा कोणता घ्यायचा

इथं सगळे घसरतात. फोटो चांगला आला म्हणून पुरावा चांगला होत नाही. उलट जो फोटो फार सुंदर आला, सगळी पोरं ओळीत बसलेली, हातात शैक्षणिक साहित्य, चेहरे कॅमेऱ्याकडं, त्यात शिकणं बहुतेक वेळा थांबलेलं असते. शिकणं चालू असताना पोरं कॅमेऱ्याकडं पाहत नाहीत.

चुकलेलं गणित घ्या. खाडाखोड केलेला परिच्छेद घ्या. फसलेल्या पाठाचं टाचण घ्या, त्यावर पेनानं जे मारलं, बदललं त्याच्यासकट. द्विशिक्षकी शाळा असेल तर पहिली ते चौथीपैकी दोन वर्ग एका खोलीत कसे बसवता, एका गटाला काम देऊन दुसऱ्याकडं केव्हा वळता, त्या वेळापत्रकाचा फोटो घ्या. शहरातल्या शिक्षकाकडं हे नाही, आणि तुम्हाला ते रोजचं वाटते म्हणून तुम्ही टाकत नाही. तांड्यावरच्या शाळेत गोरमाटी आणि मराठी शब्दांची पोरांसोबत बनवलेली यादी, गडचिरोलीकडं गोंडी-माडियाची, मेळघाटात कोरकूची, हा फार दमदार पुरावा आहे, कारण त्यात पोरांचं घर दिसते, भाषा दिसते, आणि तुम्ही त्यांच्याकडून काय शिकले ते पण दिसते. तान्ह्या पोळ्याला पोरांनी मातीचे-लाकडाचे नंदी सजवून आणले, त्यातून मोजमाप शिकवलं असेल तर नंदीचा फोटो नुसता टाकू नका, पट्टीनं मोजून वहीत लिहिलेलं पान टाका.

महिन्याला एक पुरावा पुरे. दोन झाले तर सोनं. त्याच्यावर गेलात की नोंदी लिहायचं राहून जाते आणि परत गॅलरी भरते.

तुलना दिसेल असं घ्या मात्र. जुलैमधलं पान आणि डिसेंबरमधलं पान, तेच पोरगं, तोच प्रकार. जुलैतलं पान काढून ठेवायचं सुचतच नाही कोणाला, कारण तेव्हा ते पान साधं असते. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत, आपल्याकडं विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडं उघडते, तर त्या पहिल्या पंधरा दिवसांत तीन-चार पोरांच्या वाचनाचं एक-एक मिनिटाचं रेकॉर्डिंग आणि गणिताचं एक-एक पान काढून कच्चा माल फोल्डरमध्ये टाकून द्या. लागलं तर लागलं. पोरं निवडताना हुशारच घेऊ नका, मधली घ्या, मागं बसणारं एक घ्या.

पायरी ४: चार ओळी लिहा

सगळ्यात अवघड हेच, आणि पोर्टफोलिओचा जीव पण यातच. शिक्षक म्हणून आपल्याला लिहायची सवय आहे, पण अहवालाची: "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला." हे वाक्य तुमच्या पोर्टफोलिओत एकदाही दिसलं नाही पाहिजे. उत्स्फूर्त म्हणजे काय केलं त्यांनी? कोण काय बोललं? ते लिहा.

शिक्षक-प्रशिक्षणात चिंतनाचे पुष्कळ आराखडे शिकवतात, गिब्जचं चक्र वगैरे, परीक्षेला ते पाठ करा. रोजच्या कामाला तीन प्रश्न बास होतात: काय झालं, त्यावरून काय समजलं, आता काय करणार. बोलल्यासारखं लिहा, प्रमाण भाषेची काळजी नंतर करा.

एक नमुना देतो, अशी नोंद असली की झालं:

"तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७ दिलं. ११ पैकी ६ जणांनी ३५ लिहिलं. आधी वाटलं हातचा विसरले. मग एकाला मोठ्यानं सांगत सोडवायला लावलं तर तो म्हणाला, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे जिथं मोठा आकडा दिसला त्यातून लहान काढला, वर असो की खाली. त्याच्यासाठी ५२ ही एक संख्याच नाही, शेजारी-शेजारी ठेवलेले दोन आकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी तुराट्यांच्या सारख्या काड्या तोडून आणायला लावल्या. दहाचा गठ्ठा, त्याला रबर. ५ गठ्ठे आणि २ सुट्या घेऊन बसले, म्हटलं यातून मला २७ द्या. सुट्या दोनच, सात कुठून देणार? थोडा वेळ नुसते एकमेकांकडं पाहत बसले. मग एका पोरीनं न विचारता एका गठ्ठ्याचं रबर काढलं. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, बाकीच्यांना तिच्याकडं पाहू दिलं.

आठवड्यानं ६४ वजा ३८ दिलं, ११ पैकी ८ जणांचं २६ आलं. पण ६० वजा २४ ला ५ जणांनी ४४ लिहिलं. सुट्या काड्याच नाहीत तर देणार काय, मग उलटं काढलं, चारातून शून्य. शून्यवाली उदाहरणं काड्यांवर वेगळी घ्यायची आहेत. पुढच्या वेळी सुरुवातच तिथून करून पाहीन."

याला जोडून तीन फोटो: ३५ लिहिलेलं पान, रबर सोडलेला गठ्ठा, ४४ लिहिलेलं पान. संपली नोंद. यात कुठं मोठा शब्द नाही, पण कोणताही अनुभवी शिक्षक हे वाचून म्हणेल की ह्या माणसाला पोराच्या डोक्यात काय चाललं ते पाहता येते. आणि शेवट "सगळ्यांना आलं" असा नाही हे मुद्दाम पाहा. ज्या नोंदीत सगळ्यांना सगळं येते ती नोंद कोणी खरी मानत नाही.

प्रशिक्षणाची नोंद पण अशीच. दीक्षावर कोर्स केला तर सर्टिफिकेटची पीडीएफ ठेवा (प्रोफाईलमध्ये नाव नीट टाका, तेच छापून येते), पण सोबत एक तक्ता करा: तारीख, विषय, तास, आणि चौथा रकाना "वर्गात काय वापरलं". चौथा रकाना रिकामा राहत असेल तर रिकामाच ठेवा, खोटं भरू नका. वर्षाच्या शेवटी कोणतं प्रशिक्षण कामाचं होतं आणि कोणत्यात फक्त नाश्ता बरा होता ते तुम्हालाच दिसेल.

पायरी ५: पोरांचे चेहरे, नावं, आणि पालकांची परवानगी

यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकाची संमती लागते अशी भूमिका आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गावातली गोष्ट पाहा, कोणाचं पोरगं वाचनात मागं आहे हे तुमच्या लिंकवरून अख्ख्या गावाला कळलं तर त्या माउलीनं काय करायचं?

म्हणून वहीच्या पानाचा फोटो घेताना नाव झाका, बोटानं झाकलं तरी चालते. नोंदीत पोराचं नाव नको, "एक मुलगा", "एक मुलगी" पुरे. फोटो हातांचे घ्या, वहीचे घ्या, पाठमोरे घ्या. हजेरीचं पान, आधार नंबर, जातीचा रकाना, दिव्यांगत्वाची नोंद, पोषण आहाराची यादी, यातलं काहीही मागच्या भिंतीवर लटकलेलं सुद्धा फोटोत येऊ देऊ नका. कॅमेऱ्यात लोकेशनचा टॅग असते तो बंद करून ठेवा, कारण मूळ फाईल दिली की जागेचा पत्ता पण सोबत जाते.

चेहरा किंवा आवाज घ्यायचाच असेल तर लेखी संमती घ्या. पालकसभेत फॉर्म वाटून "सही करा" म्हणू नका, आधी वाचून दाखवा, कुठं ठेवणार, कोण पाहणार, नंतर काढून टाका म्हटलं तर काढणार, हे त्यांच्या बोलीत सांगा. एखादी आजी नाही म्हणाली तर नाही. आणि पोरालाही विचारा, त्याला लाज वाटत असेल तर त्याचं पान दुसऱ्याच्या पानानं बदलता येते.

ड्राइव्हमध्ये शेअर करताना "एनिवन विथ द लिंक" डोळे झाकून दाबू नका. ज्यांना दाखवायचं त्यांचे ईमेल टाका. लिंक एकदा व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की ती कुठंकुठं जाईल याचा नेम नाही.

पायरी ६: नेट नाही, लाईन नाही, तेव्हा

वर्गात काहीही ऑनलाईन करायला जाऊ नका. वर्गात फक्त टिपून ठेवा, फोटो काढा, डायरीत दोन शब्द खरडा, "तुराटी, रबर, पोरगी" एवढं लिहिलं तरी संध्याकाळी आठवते. नोंद त्याच दिवशी लिहा मात्र. दोन दिवसांनी त्याचा अहवाल होते.

चढवायचं काम आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर किंवा जिथं टॉवर धरते तिथं. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये वाय-फायवरच अपलोड असं असते, ते चालू ठेवून गावात वाट पाहत बसाल तर काही चढणार नाही, ते आधी पाहून घ्या. व्हिडिओ ७२० वर काढा आणि दोन मिनिटांच्या आत, फोरकेवर काढलेला पाठ चढता चढत नाही आणि पूर्ण पाहत तर कोणीच नाही. पाठाचा व्हिडिओ करताना स्वतःचं स्वागत-बिगत नको, जिथं पोरं अडली आणि तुम्ही काहीतरी वेगळं विचारलं तेवढाच तुकडा ठेवा.

फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून ठेवायची सवय असते, पण साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा दर्जा पडते, वहीतलं अक्षर फुटते. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि महिन्यातून एकदा सगळं पेन ड्राइव्हवर उतरवा, कारण फोन शेताच्या पाटात पडल्यावर बॅकअपची आठवण येऊन फायदा नाही.

पायरी ७: मांडणी

वर्ष संपत आलं, सात-आठ नोंदी झाल्या, की मग मांडणीचा विचार करा. आधी नाही. आधी साईट बनवणारे लोक साईटचा रंग निवडण्यातच थकतात.

सोपं म्हणजे एक गूगल डॉक, वर अनुक्रमणिका, खाली नोंदी, पीडीएफ करून दिली तरी चालते. थोडं पुढं जायचं तर गूगल साइट्स, फुकट आहे, पण ती कॉम्प्युटरवरच नीट बनते, फोनवर कटकट आहे, शाळेत संगणक धूळ खात असेल तर हे त्याला काम. एक खाचखळगा आहे: साईटवर ड्राइव्हमधली फाईल लावली तर साईट पाहता येते पण फाईल उघडत नाही, परवानगी मागते, कारण फाईलची परवानगी वेगळी द्यावी लागते. पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. विद्यापीठात वगैरे महारा नावाची खास पोर्टफोलिओची मोफत प्रणाली वापरतात, न्यूझीलंडमध्ये २००६ मध्ये सुरू झालेली, ती चांगली आहे पण ती संस्थेनं सर्व्हरवर बसवावी लागते, एकट्यादुकट्याचं काम नाही. तुमच्या कॉलेजनं दिली असेल तर जरूर वापरा.

पहिलं पान "मी कोण" असं ठेवा, अर्धं पान फक्त. कुठल्या शाळेत आहात, किती वर्ग, पोरं घरी कोणती भाषा बोलतात, यंदा कोणता प्रश्न पकडला होता. थोरामोठ्यांची वाक्यं, उगवता सूर्य, उडणारे पक्षी नको. मग तुमच्या सगळ्यात चांगल्या तीन नोंदी पुढं, बाकीच्या मागं. निंदण केल्यासारखं करा, जी नोंद उगाच जागा खाते ती उपटा, कच्च्या मालात टाका, डिलीट नका करू.

पायरी ८: दाखवा कोणालातरी

एकट्यानंच पाहायचा पोर्टफोलिओ लवकर सुकते. सुरुवात शेजारच्या शाळेतल्या एका मॅडम-सरपासून करा, ज्यांच्यासमोर चुकलेलं गणित दाखवायला लाज वाटत नाही. त्यांना "कसं वाटलं" असं विचारू नका, "छान आहे" हेच उत्तर येईल. विचारा की ह्या पानावरून पोराचं काय चुकलं असं तुम्हाला वाटते? तुमच्या मनात नव्हतं असं काहीतरी ते सांगतील, तेही नोंदीखाली त्यांच्या परवानगीनं लिहा.

मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाच मिनिटं मागा. एक नोंद, दोन फोटो. केंद्रप्रमुख चांगले असतील तर ते दर महिन्याला एका शाळेला पाळी देतील, आणि परिषद निव्वळ माहिती भरण्याच्या सूचना ऐकण्यापुरती राहणार नाही. छात्राध्यापकांनी आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या अनुभवाच्या काळात, त्या शाळेतल्या गुरुजींनाच आधी दाखवावं, कॉलेजच्या मार्गदर्शकाला नंतर, कारण त्या पोरांना गुरुजी ओळखतात.

मार्गदर्शक असाल, म्हणजे डी.एल.एड. नाहीतर बी.एड. कॉलेजात शिकवत असाल, तर एक विनंती. गुण देताना पानं मोजू नका, डिझाईन पाहू नका. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत त्या छात्राध्यापकाच्या पाहण्यात काय फरक पडला तेवढंच पाहा, आणि फसलेल्या पाठाची नोंद प्रामाणिक असेल तर तिला जास्त गुण द्या. नाहीतर पुढच्या बॅचला मागच्या बॅचचा पोर्टफोलिओ नाव बदलून फिरत राहील, झेरॉक्सवाल्याकडं त्याची पेन ड्राइव्हवर प्रत आहेच.

किती वेळ लागते असं सगळे विचारतात. नोंद लिहायला वीस-पंचवीस मिनिटं, चढवायला नेट असेल तसं. दिवाळीच्या सुटीत एकदा बसून झालेल्या नोंदी वाचा, आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर तसंही निघता येत नाही तेव्हा वर्षाची मांडणी करा. जूनमध्ये नवीन वर्ग हातात आला की नवीन फोल्डर, जुन्याची पेन ड्राइव्हवर एक प्रत, आणि ज्या पोरांच्या चेहऱ्याची-आवाजाची संमती एकाच वर्षाची घेतली होती त्यांचे व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकायचे.